जंगल सरकारचे, राखण गावाची : वाचकांचे प्रश्न

गाव आणि शासन यांनी मिळून वर्षानुवर्षे जंगल राखण्याच्या व्यवस्थेविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांतून काही प्रश्न निवडून येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता फक्त ठिकाणे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात नव्वदच्या दशकापासून संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. सुरुवातीला रोपवन झाले, कुऱ्हाडबंदी झाली, चराईबंदी झाली. आता कित्येक वर्षे समितीची बैठकसुद्धा झालेली नाही. गावातील तरुण म्हणतात की सामूहिक वनहक्काचा दावा करावा. जुने सदस्य म्हणतात की समिती असताना दुसरे कशाला? दोन्हींत नेमका फरक काय? (मूल तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : फरक समजण्यासाठी समितीच्या उगमापासून सुरुवात करावी लागेल. पश्चिम बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यात अराबारी येथे 1972 च्या सुमारास अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी 11 गावांतील लोकांना सोबत घेऊन उजाड झालेले साल वृक्षांचे जंगल राखण्याचा प्रयोग सुरू केला. राखणीच्या बदल्यात लोकांना वनीकरणाच्या कामावर मजुरी, सरपण व चारा आणि पुढे तयार लाकडाच्या विक्रीतून 25 टक्के वाटा देण्याचे ठरले. कुऱ्हाड आणि गुरे लांब राहिल्यावर जुन्या खुंटांनाच फुटवे आले आणि जंगल परत उभे राहिले. नंतर 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिक लोकांच्या गरजांना आणि सहभागाला स्थान दिले, 1 जून 1990 रोजी केंद्राने सर्व राज्यांना त्याविषयी परिपत्रक पाठवले आणि महाराष्ट्राने 1992 मध्ये शासन निर्णय काढून संयुक्त वन व्यवस्थापन स्वीकारले.

या व्यवस्थेतून चांगले काम झाले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतःचे नियम करून, नियम मोडणाऱ्याला दंड लावून आणि पाणी अडवून डोंगरावरचे जंगल पुन्हा उभे केले. त्या कामाचे नेतृत्व करणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र बारीपाड्याकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की तेथील राखण कोणत्याही योजनेच्या निधीवर उभी नव्हती, ती गावाच्या निर्णयावर उभी होती.

बहुसंख्य गावांत तसे घडले नाही. समिती शासन निर्णयाने जन्माला आली, तिचा सचिव वनपाल किंवा वनरक्षक, सूक्ष्म आराखडा वन विभागाच्या चौकटीत बसणारा, आणि खाते चालवायचे तर सचिवाची सही हवी. उत्साही अधिकारी होते तेव्हा समिती चालली, त्यांची बदली झाली तेव्हा थंडावली, आणि प्रकल्पाचे पैसे संपले तेव्हा दप्तर कपाटात गेले. आपल्या समितीचेही बहुधा हेच झाले असावे. यात गावाचा किंवा एखाद्या वनरक्षकाचा दोष शोधण्यापेक्षा हे पाहावे की जंगल तयार व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात आणि समितीचा आधार मात्र वर्षागणिक येणाऱ्या निधीचा व बदलत्या अधिकाऱ्यांचा होता.

सामूहिक वनहक्काचा पाया वेगळा आहे. 2006 च्या वनहक्क अधिनियमातील कलम 3(1)(झ) गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतील सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य करते आणि कलम 5 ग्रामसभेला त्यासाठीचे अधिकार देते. ही जमीन महसुली व वन अभिलेखांत वनजमीनच राहते. ती विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. व्यवस्थापनाचा अधिकार आणि जबाबदारी मात्र संसदेच्या कायद्याने ग्रामसभेकडे येते आणि तिला मुदत नसते. अधिकारी बदलले, योजना बंद झाली, तरी मान्यतापत्र कायम राहते. माझ्या मते गाव आणि शासन यांच्या भागीदारीतील हा सर्वांत मोठा बदल आहे, कारण पहिल्या व्यवस्थेत गाव परवानगीने काम करत होते आणि या व्यवस्थेत ते हक्काने करते.

तेव्हा दावा अवश्य करावा. वनहक्क मिळाला म्हणून जुनी समिती आपोआप बरखास्त होत नाही, पण वनहक्क नियमांतील नियम 4(1)(ङ) प्रमाणे ग्रामसभेने स्वतःची व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि ती फक्त ग्रामसभेला जबाबदार असते. जुन्या सदस्यांपैकी ज्यांना कक्ष (वन विभागाने पाडलेले जंगलाचे क्रमांकित भाग), नाले आणि रोपवनाच्या जागा पाठ आहेत, त्यांना या नव्या समितीत जरूर घ्यावे. जुन्या खात्यात रक्कम शिल्लक असेल तर तिचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचून घ्यावा आणि त्याची इतिवृत्तात नोंद करावी.

प्रश्न : निस्तारहक्क (घरच्या गरजेपुरते सरपण, बांबू, गवत जंगलातून आणण्याचे हक्क) आजोबांच्या काळापासून आहेत, पण कागद म्हणून आमच्याजवळ काहीच नाही. दावा कशाच्या आधारे करायचा? (आरमोरी तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : कागद आपल्या घरात नसला तरी सरकारी दप्तरात असण्याची शक्यता मोठी आहे. आपला भाग पूर्वी मध्य प्रांतात होता, त्यामुळे गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. कोणत्या जंगलातून सरपण, बांबू, गवत आणायची मुभा होती, गुरांची वाट कुठून जात होती, हे त्यांत नोंदलेले असते. याशिवाय गुरे बसवण्याच्या जागा, कंदमुळांची आणि मोहफुलांची ठिकाणे, देवस्थान, स्मशान, जुने बंधारे व विहिरी हे सर्व नियम 13 खाली पुरावा म्हणून चालते. वयोवृद्धांचे जबाबही लिहून जोडता येतात. एकापेक्षा अधिक पुरावे असावेत एवढीच अट आहे.

सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना ‘ग’ भरायचा असतो. नमुना ‘ख’ हा चराई, मासेमारी, वनोपज यांसारख्या सामूहिक हक्कांसाठी आहे. घाईत फक्त ‘ख’ भरला तर वापराचा हक्क मिळतो पण व्यवस्थापनाचा राहून जातो, म्हणून दोन्ही भरावेत. टोला किंवा पाडा स्वतंत्र असेल तर त्याची स्वतंत्र ग्रामसभा घेता येते. वनहक्क समितीत 10 ते 15 सदस्य असावेत आणि त्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. ग्रामसभेला निम्मी गणपूर्ती लागते आणि हजर असलेल्यांतही एक तृतीयांश महिला हव्यात. उपस्थितीच्या सह्या-अंगठे त्याच दिवशी घ्यावेत; नंतर घरोघर फिरून घेतलेल्या सह्यांमुळे दावे अडकतात.

सीमा ठरवताना शेजारच्या गावांतील जाणत्या माणसांना सोबत घेऊन चालत फिरावे, नाला, टेकडी, मोठी झाडे, कक्ष क्रमांकाचे दगड अशा खुणा नकाशावर मांडाव्यात आणि शेजारच्या ग्रामसभांच्या सह्या घ्याव्यात. वन व महसूल विभागाला संयुक्त पडताळणीची लेखी सूचना द्यावी आणि तिची पोच जपावी. उपविभागीय समितीचा निर्णय विरुद्ध गेला तर 60 दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयावरही विभागीय समितीकडे दाद मागण्याची सोय 2020 मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने झाली आहे. नकार तोंडी ऐकून परत येऊ नये. तो कारणांसह लेखी मागावा.

प्रश्न : आम्हाला सामूहिक वनहक्क मिळून दोन वर्षे झाली. कागद मिळाला, फोटो निघाले, आणि आता पुढे काय करायचे ते कोणी सांगत नाही. जंगलात बांबू आहे, पण अर्धा भाग घाणेरीने भरला आहे आणि उन्हाळ्यात आग लागतेच. सुरुवात कुठून करावी? (धानोरा आणि गोंडपिपरी तालुक्यांतून आलेली दोन पत्रे)

उत्तर : या पत्रांतील काळजी मला फार महत्त्वाची वाटते, कारण हक्क मिळाल्यानंतरची पहिली तीन-चार वर्षे वाया गेली तर गावाचा उत्साह ओसरतो आणि मग कोणीतरी म्हणते की लोकांना जंगल सांभाळता येत नाही.

पहिले काम आगीचे. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो. आपल्या भागातील बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात आणि त्यांची कारणे गावाला ठाऊक असतात. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ केली की फुले वेचायला सोपी जातात, आणि विस्तव वाऱ्याने पुढे सरकतो. तेंदूच्या झुडपांना कोवळी, मोठी पाने यावीत म्हणूनही जंगल पेटवले जाते. यावर उपाय गावातच आहे. प्रत्येक कुटुंबाने आपण वेचत असलेल्या मोहाखाली फेब्रुवारी संपण्यापूर्वी खराट्याने झाडून घेरा साफ करावा, पाला बांधाबाहेर न जाळता खड्ड्यात टाकावा, आणि हा नियम ग्रामसभेच्या ठरावात दंडासह लिहावा. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे) जानेवारीतच मोकळ्या कराव्यात. गस्तीची पाळी घराप्रमाणे लावावी आणि पाळी चुकवणाऱ्याने बदली माणूस द्यावा.

गोंडपिपरी तालुक्यातील वाचकांना पाचगाव माहीतच असेल. 2012 मध्ये सुमारे 1000 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. तेंदूसाठी फांद्या छाटल्या जातात, आग लावली जाते, आणि फळेही हातची जातात, असा त्यांचा विचार होता. बांबूतून उत्पन्न मिळत असल्याने त्यांना हा निर्णय पेलता आला. जंगलाचा एक भाग त्यांनी कोणतीही तोड न करता देवाचा म्हणून राखून ठेवला. प्रत्येक गावाने तेंदू सोडावा असे मी म्हणणार नाही. अनेक घरांना मे महिन्यातील तेवढाच रोख पैसा असतो. परंतु तेंदूची फळी (पाने गोळा करण्याचे केंद्र) चालवायची असेल तर झुडपे जाळण्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटणी करावी आणि ज्या कक्षात बांबूचे नवे कोंब आहेत तेथे ती करू नये.

दुसरे काम बांबूचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात प्रामुख्याने मानवेल आहे. त्याच्या बेटात यंदाचे कोंब, गेल्या वर्षीची कोवळी काठी आणि जुनी पक्व काठी अशा तिन्ही पिढ्या एकत्र उभ्या असतात. यंदाची आणि गेल्या वर्षीची काठी तोडायचीच नाही, कारण पुढचे कोंब त्यांच्याच बळावर येतात आणि बाहेरच्या कडेला येतात. पक्व काठ्याही सगळ्या काढायच्या नाहीत. बेटाला आधार म्हणून किमान आठ तरी उभ्या ठेवाव्यात. तोड जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीच्या आत, पेऱ्याच्या लगेच वर करावी, म्हणजे खुंटात पावसाचे पाणी साचून कुज लागत नाही. बेटात शिरायचे ते कोंब नसलेल्या बाजूने, घोड्याच्या नालासारखी वाट पाडून, मधली जुनी व वाकलेली काठी आधी काढत जावे. कडेकडेची सोपी काठी तोडून मधला गुंता तसाच ठेवणे ही कंत्राटी तोडीची खोड होती आणि तिने हजारो बेटे गुदमरली. पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोड पूर्ण बंद ठेवावी. जंगलाचे चार भाग पाडून दरवर्षी एकाच भागात तोड केली तर पाचव्या वर्षी पहिल्या भागात परत जाता येते.

वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढण्याचा प्रश्न नाजूक आहे. ती भाजी प्रत्येक घरी हवी असते आणि ती बंद करा असे सांगणे योग्यही नाही. काही बेटे वास्त्यांसाठी आणि बाकीची काठीसाठी अशी वाटणी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत करावी, त्याही बेटांतले सगळे कोंब काढू नयेत, आणि विक्रीसाठी वास्ते नेण्यावर मात्र बंदी घालावी.

तिसरे काम घाणेरीचे, आणि तेथे घाई नको. वरवर कापली की ती दुप्पट फुटते. कुदळीने मुळाच्या मानेखाली दोन-तीन इंचांवर घाव घालून अख्खे झुडूप उचलावे आणि मुळे आकाशाकडे करून उलटे ठेवावे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे काम फळे धरण्यापूर्वी करावे. मोकळ्या झालेल्या जागेत त्याच पावसाळ्यात स्थानिक गवताचे बी टाकावे, नाहीतर घाणेरीच परत येते. नंतरची दोन-तीन वर्षे पावसाळ्यात उगवलेली रोपे हाताने उपटावी लागतात. म्हणून जेवढी जागा पुढील तीन वर्षे राखता येईल तेवढीच पहिल्या वर्षी साफ करावी.

रोपे लावण्याची घाई तर मुळीच करू नये. आपल्या जंगलात साग, ऐन, बीजा, धावडा यांचे जिवंत खुंट जमिनीत असतात. एका खुंटाला आलेल्या पाच-सात फुटव्यांपैकी एक-दोन सरळ ठेवून बाकीचे छाटले आणि गुरे पाच वर्षे लांब ठेवली, तर पॉलिथिन पिशवीतल्या रोपापेक्षा ते झाड वेगाने वाढते, कारण त्याची मुळे आधीच खोल गेलेली असतात. जेथे जमीन खरोखरच उघडी पडली आहे तेथेच समतल चर खणून लागवड करावी. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर या गावाला 2012 मध्ये मिळालेली जमीन अशीच उघडी होती. क्षेत्रही लहान, 200 हेक्टरांच्या आत. मृद व जलसंधारण, चराईवर नियंत्रण आणि राखण यांच्या जोरावर तेथे झाडोरा परत आला आणि ग्रामसभा सीताफळांची विक्री स्वतः करू लागली.

ही सारी कामे ज्या कागदावर येतात त्याला संवर्धन व व्यवस्थापन आराखडा म्हणतात. तो शंभर पानांचा असण्याची गरज नाही. कोणत्या कक्षात काय आहे, कोणत्या वर्षी कुठे काय करायचे, कोण करणार, आणि नियम मोडल्यास काय, एवढे त्यात स्पष्ट असावे. तो गावाच्या भाषेत असावा, गोंडीत वाचून दाखवता येईल असा. नियम 4(1)(च) प्रमाणे हा आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेशी (जंगलात कोणत्या वर्षी कोणती कामे करायची हे ठरवणाऱ्या विभागाच्या आराखड्याशी) जोडायचा असतो, आणि त्यासाठी जे बदल करावेसे वाटतील ते ठरवण्याचा अधिकार समितीचा आहे.

प्रश्न : ग्रामसभेने बांबू विकला, पण वाहतुकीचा परवाना कोण देणार यावरून गाडी अडवली गेली. शिवाय पैशांवरून गावात कुजबुज सुरू झाली आहे. (कोरची तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : परवान्याचा प्रश्न मेंढा (लेखा) गावाने देशासाठी सोडवला आहे. धानोरा तालुक्यातील या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू झाड आहे की गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारे इतर उत्पादन), आणि परवाना कोणी द्यायचा, या वादात विक्री अडून राहिली. कायद्याच्या कलम 2 मधील व्याख्येतच बांबू गौण वनोपज म्हणून लिहिलेला होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द केले. त्यानंतर 2012 च्या सुधारित नियमांत हीच पद्धत देशभरासाठी लिहिली गेली: ग्रामसभेची समिती किंवा तिने अधिकृत केलेली व्यक्ती परवाना देईल. परवान्याचे पुस्तक छापून घ्यावे, अधिकृत व्यक्तीच्या नमुना सहीसह ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र अधिकारी, पोलीस ठाणे आणि वाटेतील नाक्यांना आधीच द्यावी, आणि प्रत्येक गाडीसोबत ठरावाची प्रतही ठेवावी.

व्यापाऱ्याशी करार करताना अनामत रक्कम आधी घ्यावी आणि जेवढ्या मालाचे पैसे खात्यात जमा झाले तेवढाच माल उचलू द्यावा. उधारीवर गेलेल्या मालाचे पैसे वसूल करताना लहान ग्रामसभा हतबल होते. आपल्या कोरची तालुक्यातच ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे. एकत्रित लिलावात भाव चांगला येतो आणि करार मोडण्याचे धाडस कमी होते. एकट्याने व्यवहार करण्यापूर्वी तेथील जाणत्यांशी बोलावे.

कुजबुजीचे कारण बहुतेक वेळा अपहार नसते, हिशेब ऐकलेला नसणे हे असते. दर महिन्याच्या ग्रामसभेत जमा-खर्च मोठ्याने वाचावा, मजुरी बँक खात्यात द्यावी, बांबूची मोजणी उघड्यावर आणि दोन महिलांच्या उपस्थितीत करावी, आणि नफ्यातील किती भाग जंगलाच्या कामासाठी राखायचा हे विक्रीच्या आधीच ठरवावे. विक्रीनंतर ठरवायला बसले की रक्कम डोळ्यांसमोर असते आणि जंगलाचा वाटा मागे पडतो.

प्रश्न : मी वन विभागातून निवृत्त झालो. लोकांविषयी मला आदर आहे, पण हजारो हेक्टर जंगल ग्रामसभांकडे देणे मला धोक्याचे वाटते. प्रशिक्षित माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांत उभी केलेली कार्य आयोजनेची परंपरा अशी मोडीत काढावी का? (नागपूर)

उत्तर : आपली भीती प्रामाणिक आहे आणि तिला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. सर्वच ग्रामसभा चांगल्या चालतात असे नाही. काही ठिकाणी दोन-तीन माणसे निर्णय घेतात, काही ठिकाणी ठेकेदारच आराखडा लिहून आणतो, आणि काही ठिकाणी मान्यतापत्र मिळूनही राखण सुरूच झालेली नाही. या गोष्टी लपवून हक्काची बाजू मजबूत होत नाही.

पण तुलना करताना दोन्ही बाजूंची प्रत्यक्ष स्थिती घ्यावी लागेल. कार्य आयोजनेत बांबूच्या तोडीचे जे नियम वर सांगितले ते पूर्वीपासून लिहिलेले होते, तरीही कागद कारखान्यांना दीर्घ मुदतीने दिलेल्या क्षेत्रांत ते पाळले जात नव्हते, कारण काठी मोजणाऱ्याचा संबंध त्या बेटाशी त्या हंगामापुरताच होता. एका वनरक्षकाकडे किती क्षेत्र असते आणि रात्री पेटलेल्या वणव्यापाशी तो एकटा किती वेळात पोचतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. मेंढा (लेखा) गावाच्या लोकांनी तर हक्क मिळण्याच्या कितीतरी आधी, अभ्यासगट करून, स्वतःच्या जंगलाची मोजदाद सुरू केली होती.

परंपरा मोडीत काढावी असे कायदाही म्हणत नाही. हद्दीचे सीमांकन, वृक्षगणनेची पद्धत, उपग्रहावरून मिळणारी आगीची सूचना, रोपवाटिका, वन्यजीव गुन्ह्यांचा तपास, वाघाच्या हालचालींची माहिती, ही कामे वन विभागाशिवाय होणार नाहीत. आपल्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्यांनी आराखड्याचे प्रशिक्षण दिले तर अनेक ग्रामसभा त्यांना आनंदाने बोलावतील. 2014 मध्ये राज्याने ग्रामवनांचे जे नियम काढले त्यांच्यामुळे मात्र गोंधळ वाढला, कारण ती व्यवस्था 1927 च्या वन अधिनियमातील कलम 28 खाली होती आणि तीत ग्रामवन रद्द करण्याचा अधिकार शासनाकडे होता. जे रद्द होऊ शकते त्यासाठी कोणते गाव चाळीस वर्षांचा विचार करील?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अ‍ॅरिझोनात राहते. ती म्हणते की तेथेही सरकारी जंगले सुधारण्यासाठी दीर्घ मुदतीचे करार असतात. त्यांचा अनुभव कसा आहे? (पुणे)

उत्तर : अ‍ॅरिझोनाचा अनुभव खरोखरच शिकण्यासारखा आहे. तेथील पाइनची जंगले अनेक दशके प्रत्येक आग विझवत राहिल्यामुळे बारीक झाडांनी खचाखच भरली. 2002 मध्ये रोडिओ-चेडिस्की आगीत साडेचार लाखांहून अधिक एकर जळाले. ही बारीक झाडे काढायची तर त्यांना भाव नाही, आणि त्यांवर चालणारा कारखाना उभारायचा तर एक-दोन वर्षांच्या कंत्राटावर बँक कर्ज देत नाही. म्हणून 2003 मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) तेथील वन सेवेला 10 वर्षांपर्यंतचे ‘स्टुअर्डशिप’ करार करण्याचा अधिकार दिला. त्यात ठेकेदार जंगल विरळ करणे, झुडपे काढणे अशी कामे करतो आणि निघालेल्या लाकडाची किंमत त्या कामाच्या मोबदल्यातून वळती केली जाते. 2018 मध्ये ठरावीक वनक्षेत्रांसाठी ही मुदत 20 वर्षांपर्यंत वाढवण्यात आली.

2004 मध्ये सुरू झालेला व्हाइट माउंटन प्रकल्प हा असा पहिला मोठा करार. ठरवलेल्या दीड लाख एकरांपैकी 10 वर्षांत निम्म्याच्या आसपासच काम झाले, कारण खर्च अंदाजापेक्षा जास्त निघाला आणि वार्षिक निधी मर्यादित राहिला. तरीही 2011 च्या वॉलो आगीने पाच लाखांवर एकर जळत असताना, आल्पाइन आणि न्यूट्रिओसो या वस्त्यांजवळच्या विरळ केलेल्या पट्ट्यांत आग शेंड्यांवरून जमिनीवर उतरली आणि अग्निशमन दलाला घरे वाचवता आली.

तेथील करार उद्योगाशी आहे आणि तो मुदतीने संपतो. आपल्याकडे हक्क तेथेच राहणाऱ्या समुदायाचा आहे. तेथून घ्यायचे ते हे की काम मोजून दिले जाते, किती एकरांत काय झाले याची नोंद उघड असते, आणि काही प्रकल्पांत स्थानिक संस्था, पर्यावरणवादी व उद्योग मिळून त्या कामाची पाहणी करतात. आपल्या ग्रामसभांच्या कामाची अशी वार्षिक पाहणी शेजारच्या ग्रामसभांनीच केली तर मला फार आवडेल.

प्रश्न : आमचे गाव आदिवासी नाही, जंगल नाही, पण मोठे गायरान आहे. ते अतिक्रमणाने चालले आहे. त्यावर वनहक्क कायदा लागू होतो का? (खटाव तालुका, जि. सातारा)

उत्तर : गायरान ही वनजमीन नसेल तर तो कायदा लागू होत नाही. वनजमिनीच्या बाबतीत बिगर आदिवासी गावेही इतर पारंपरिक वननिवासी म्हणून दावा करू शकतात, मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, त्या वनजमिनीच्या आधारे राहत असल्याचे दाखवावे लागते.

गायरानासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 22 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा जगपाल सिंग प्रकरणातील निकाल आपल्या बाजूने आहे. त्या निकालाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही त्याविषयी निर्णय काढला. आधी तलाठ्याकडून गायरानाच्या गटाचा सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातून गटाचा नकाशा घ्यावा, ग्रामसभेत ठराव करून मोजणीचा अर्ज भरावा, आणि मोजणीनंतर हद्दीवर चर खणून घ्यावा. गवत लावण्याचे आणि चर खणण्याचे काम रोजगार हमी योजनेतून घेता येते. त्यासाठी ते ग्रामपंचायतीच्या पुढील वर्षाच्या कामांच्या यादीत ग्रामसभेच्या मंजुरीने घालावे लागेल.